शिक्षणकर्जाची फेड : चाकरीपासून हप्त्यापर्यंत

उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या पैशाची फेड पदवीनंतर कशी व्हावी, या प्रश्नाला पश्चिम भारतात गेल्या सव्वाशे वर्षांत वेगवेगळी उत्तरे मिळाली असून प्रत्येक उत्तरात फेडीची जोखीम कोणी उचलायची हे निराळ्या रीतीने ठरले. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये उभारलेल्या निधीने ‘कर्ज-शिष्यवृत्ती’, म्हणजे गुणवत्तेवर निवड करून द्यायची पण कमावते झाल्यावर परत घ्यायची रक्कम, ही पद्धत रुजवली. आरंभी पारशी विद्यार्थ्यांपुरता असलेला हा निधी लवकरच सर्व भारतीयांना खुला झाला आणि परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्यांच्या कामी येऊ लागला.

बडोदे संस्थानाने फेड पैशांऐवजी चाकरीत मागितली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले, तेव्हा परतल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेण्यात आला. तथापि १९१७ मध्ये बडोद्यास रुजू झालेल्या या विद्वानाला अस्पृश्यतेमुळे राहायला घरही मिळेना, आणि थोड्याच अवधीत त्यांना ती नोकरी सोडावी लागली. करार पाळण्याची इच्छा असूनही समाज तो पाळू देत नाही, ही या पद्धतीची मर्यादा त्यातून उघड झाली.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९६३ मध्ये ‘राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना’ सुरू केली. कर्ज बिनव्याजी होते, आणि शिक्षकी पेशा पत्करणाऱ्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई, म्हणजे चाकरीने फेडण्याची जुनी कल्पना येथेही टिकून होती. परंतु वसुली फारच तुटपुंजी राहिल्याने १९९१ मध्ये ही योजना गुंडाळण्यात आली.

२००१ मध्ये बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेने ही जबाबदारी बँकांकडे आणली : त्या वेळच्या अटींनुसार देशात शिकण्यासाठी साडेसात व परदेशासाठी पंधरा लाख रुपयांपर्यंत कर्ज, चार लाखांपर्यंत तारण नाही, आणि अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने किंवा नोकरी लागल्यापासून सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हापासून हप्ते सुरू. या मधल्या काळात हप्ता नसला तरी व्याज चढतच राहते, आणि आईवडीलही कर्जाला बांधलेले असल्याने पदवीधराला नोकरी लागली नाही तरी बँकेचा तगादा घरापर्यंत पोहोचतो.

पूर्वी देणगीदार, संस्थान आणि सरकार यांनी उचललेली जोखीम अशा रीतीने टप्प्याटप्प्याने कुटुंबाच्या माथी आली. फेडीचा आरंभ पंचांगातील तारखेवर न ठेवता पदवीधराच्या प्रत्यक्ष कमाईशी जोडल्याखेरीज हा भार न्याय्य रीतीने वाटला जाणार नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.