झैतूनच्या बिशपाचा तनखा

माझी उभी नोकरी ट्रेझरीत पेन्शनचे कागद तपासण्यात गेली. त्यामुळे पेरुजाच्या आन्द्रेआचे पत्र वाचताना डोळा आधी त्याच्या तनख्याच्या मजकुरावर गेला. जानेवारी 1326 मध्ये चीनच्या झैतून बंदरातून, म्हणजे आजच्या छ्वानचौहून, त्याने ते पेरुजाच्या मठप्रमुखाला लिहिले.

पोप पाचवे क्लेमेंट यांनी 1307 साली सात फ्रान्सिस्कनांना बिशप नेमले. खानबालिकला, आजच्या बीजिंगला, जाऊन तिथल्या मिशनरी मॉन्टेकोर्विनोच्या जॉनला आर्चबिशपपदाची दीक्षा द्यायची, हे त्यांचे काम. तिघे वाटेत हिंदुस्थानातच वारले. उरलेल्यांपैकी पोचले तिघेच: जेरार्ड, पेरेग्रीन आणि आन्द्रेआ.

संत फ्रान्सिसचा नियम असा, की पैशाला हात लावायचा नाही. इथे तर मंगोल बादशहाच्या खजिन्यातून ‘अलाफा’ मिळे, आठ माणसांच्या अन्नवस्त्राचा. जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाने तो वर्षाला सुमारे 100 सोन्याचे फ्लोरिन भरे, हे आन्द्रेआ जराही न संकोचता लिहितो. मला त्याचे हेच आवडते. खानबालिक सोडताना त्याने हा अलाफा झैतूनला वर्ग करून घेतला, वर सोबतीला बादशहाचे आठ घोडेस्वार! एका ट्रेझरीतली पेन्शन दुसरीत न्यायला काय यातायात पडते, ते मला विचारा.

झैतूनला एका श्रीमंत आर्मेनियन बाईने मोठे चर्च बांधून दिले होते. पहिला बिशप जेरार्ड. तो गेल्यावर आन्द्रेआने ती गादी नाकारली, म्हणून पेरेग्रीन बसला. 1322 मध्ये तोही गेला, मग आन्द्रेआला बसावेच लागले. तोवर त्याने शहराबाहेरच्या राईत दुसरे चर्च आणि 22 जणांची सोय होईल असा मठ बांधला होता. अलाफ्याचा बराचसा पैसा तिथेच मुरला.

जमेची बाजूही तो फुगवत नाही. प्रवचनाला आडकाठी नाही, पण मुसलमान वा ज्यू एकही धर्मांतर करत नाही. मूर्तिपूजक पुष्कळ बाप्तिस्मा घेतात, पण नीट वागत नाहीत. असा अहवाल वरिष्ठांना पाठवणारे मी नोकरीत फार थोडे पाहिले.

हिंदुस्थानात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन बंधूंचाही पत्रात उल्लेख आहे. ही 1321 सालची घटना आमच्या ठाण्याची. त्यांच्या अस्थी ओदोरिको नावाच्या फ्रान्सिस्कनाने ठाण्याजवळच्या सोपाऱ्याहून थेट झैतूनच्या मठात नेल्या.

आन्द्रेआचा लॅटिन लेखाचा थडग्याचा दगड 1946 मध्ये छ्वानचौला सापडला. अक्षरे झिजली आहेत. साल 1332 असावे, असे वाचतात. 1368 मध्ये मंगोल राज्य बुडाले आणि अलाफा देणारी तिजोरीच उरली नाही.