सावली ही वस्तू आहे का?

तुम्ही हिंगणघाटचे असाल, तर आपल्याच वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव आठवा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची सावली तिथून गेली. त्यासाठी न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स इंग्लंडहून पुलगावला आले होते. सावली कधी, कुठून जाणार याचं गणित आधीच झालेलं. मग ती वस्तूच की!

भाट्ट मीमांसक असंच म्हणत: अंधार काळा दिसतो, सरकतो, म्हणजे ते द्रव्यच. नैयायिकांचं उत्तर: सरकतो तो प्रकाश अडवणारा, अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव. पण गंमत बघा, वैशेषिकांनी पुढे अभावालाच सातवा पदार्थ मानलं.

संशोधनाला बसताना एवढं लक्षात ठेवा: सावली असो की भोक, 'नाही' हेसुद्धा मोजता येतं. फक्त काय नाही आणि कुठे नाही, हे नेमकं सांगता आलं पाहिजे.