बिनतारी संदेशवहनातील पोचपावतीचा भार : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

टपालाने धाडलेले पत्र पोहोचले की नाही, हे धाडणाऱ्यास पोचपावतीवरून कळते. संगणकीय संदेशवहनाचीही हीच रीत आहे. माहितीचा एकेक तुकडा, म्हणजेच पॅकेट, मिळाले की ग्राहकयंत्र त्याची पोच देते. ठरावीक अवधीत पोच न आल्यास प्रेषकयंत्र तेच पॅकेट पुन्हा पाठविते. तारेच्या जाळ्यात ही व्यवस्था सहसा जड होत नाही. बिनतारी माध्यमात मात्र माहिती आणि पोच यांना बहुधा एकाच लहरीपट्ट्यात दाटीवाटीने राहावे लागते. त्यामुळे पोचेसाठी खर्ची पडलेला प्रत्येक क्षण माहितीच्या वाट्यातून वजा होतो. हा भार हलका करण्याच्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. ही बचत पोच नाहीशी करून नव्हे, तर तिची जबाबदारी अन्यत्र हलवून साधली गेली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

आरंभीचे प्रयोग

१९४० च्या दशकात डच अभियंता हेन्ड्रिक व्हान ड्यूरेन यांनी रेडिओ तारायंत्रासाठी सात घटकांची संकेतपद्धती योजिली. प्रत्येक अक्षरात एका प्रकारचे तीन आणि दुसऱ्या प्रकारचे चार घटक असत. अशा रचनेत ३५ संकेत मिळतात. हे प्रमाण बिघडलेले दिसताच ग्राहकयंत्र पुनःप्रेषणाची मागणी आपोआप करी. प्रत्येक अक्षराच्या स्वतंत्र पोचेऐवजी केवळ चुकीची वर्दी देण्याचे तत्त्व येथे दिसते.

हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या पुढाकाराने उभारलेले अलोहा जाळे जून १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. निरनिराळ्या ठिकाणची यंत्रे एकाच सामाईक लहरीवरून सेकंदाला ९६०० बिट या वेगाने केंद्राशी बोलत. दोन पॅकेटांची टक्कर झाल्यास पोच येत नसे, आणि यंत्र यादृच्छिक अवधीनंतर पुन्हा प्रयत्न करी. या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८.४ टक्केच उपयोग होऊ शकतो, असे अब्रॅमसन यांच्या गणिताने दाखविले. केंद्राकडून येणारी पोच मात्र दुसऱ्या लहरीवरून येई. त्यामुळे गर्दीच्या वाहिनीवर तिचा बोजा पडत नसे.

एकाच वाहिनीची अडचण

१९९७ च्या आय.ई.ई.ई. ८०२.११ या मानकात ही सवड उरली नाही. माहिती व पोच एकाच वाहिनीवर आल्या, आणि व्यक्तिगत पत्त्यावरील प्रत्येक पॅकेटामागे १४ बाइटांची पोच आवश्यक ठरली. पोच लहान, म्हणून तिचा खर्चही लहान, असे वरवर पाहता वाटेल. वस्तुस्थिती वेगळी होती. १९९९ च्या ८०२.११बी मानकानुसार १५०० बाइटांचा मजकूर सेकंदाला ११ मेगाबिट वेगाने पाठविण्यास सुमारे १०९१ मायक्रोसेकंद लागतात. परिसरातील सर्व यंत्रांना उमजावी म्हणून पोच मूलभूत वेगाने दिली जाते. तो वेग १ मेगाबिट असल्यास तिला ११२ मायक्रोसेकंद लागतात. त्यापूर्वीच्या दीर्घ प्रास्ताविक संकेताचे १९२ मिळविता एकूण ३०४ होतात. म्हणजे मजकुराच्या वेळेच्या चौथाईहून अधिक वेळ पोच खाते. शिवाय टी.सी.पी. या वरच्या स्तरावरील नियमावलीची पोच हेही बिनतारी जाळ्याच्या दृष्टीने एक पॅकेटच असते. त्यामुळे पोचेचीही पोच द्यावी लागते.

केवळ वेग वाढवून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. यांग शियाओ आणि जॉन रोझडाल यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की माहितीचा वेग कितीही वाढविला तरी पोच, प्रतीक्षा व प्रास्ताविक संकेत यांच्या स्थिर खर्चामुळे प्रत्यक्ष वहनाला एक वरची मर्यादा राहतेच.

सामुदायिक पोच आणि तिची किंमत

२००५ च्या ८०२.११ई मानकाने सामुदायिक पोच आणली. अनेक पॅकेटे ओळीने पाठवावयाची आणि अखेरीस एकच उत्तर मागावयाचे, अशी ही रीत. त्या उत्तरातील प्राप्ती-तक्ता १२८ बाइटांचा होता. २००९ च्या ८०२.११एन मानकात ६४ पॅकेटांसाठी ८ बाइटांचा संक्षिप्त तक्ता रूढ झाला. प्रत्येक पॅकेटामागील प्रतीक्षा टळली, पण ग्राहकयंत्राला मधले पॅकेट येईपर्यंत पुढची सांभाळून क्रमाने लावावी लागली. ती एक पोचच हरवली तर संपूर्ण गटाचे भवितव्य काही काळ प्रेषकाला अज्ञात राहते.

मोबाइल क्षेत्रातही हीच देवघेव दिसते. एल.टी.ई.च्या कालविभाजित प्रकारात अनेक पोचा एकत्र बांधून एकच उत्तर देण्याची सोय आहे. त्यात एक भाग जरी बिघडला तरी उत्तर नकारार्थी होते, आणि नीट पोहोचलेले भागही पुन्हा पाठवावे लागतात. परतीच्या वाटेवर वाचविलेले बिट अशा वेळी जाण्याच्या वाटेवर खर्च होतात.

एकाच वेळी हजारो ग्राहकांना प्रसारण करावयाचे असेल, तर प्रत्येकाची पोच घेणे अशक्यप्राय ठरते. मायकेल लुबी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकेतांत ग्राहकाने मूळ पॅकेटांच्या संख्येहून थोडी अधिक, परंतु कोणतीही संकेतित पॅकेटे गोळा केली की मूळ मजकूर बहुधा परत मिळतो. कोणते पॅकेट हरवले, हे कळविण्याचे कारणच उरत नाही. मात्र त्याबदली जादा पॅकेटांचा आणि आकडेमोडीचा भार पत्करावा लागतो.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून असे दिसते, की पोचेचा खर्च प्रत्येक टप्प्यावर स्थान बदलत गेला : कधी तो स्वतंत्र वाहिनीवर गेला, कधी ग्राहकाच्या स्मृतीवर, कधी पुनःप्रेषणावर, तर कधी गणितावर. म्हणून एखाद्या पद्धतीचे मूल्यमापन करताना किती पोचा वाचल्या, एवढेच मोजणे अपुरे ठरते. पोच हरवल्यास तोटा कोणाच्या पदरी पडतो आणि तो सोसण्याची त्याची ऐपत आहे काय, हेही पाहावे लागते. दुर्बळ विद्युत्घटावर चालणारे संवेदकयंत्र आणि मुबलक वीज असलेले केंद्र यांना एकच माप लावता येत नाही. बिनतारी जाळ्यांचा इतिहास केवळ वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितल्यास हा जबाबदारीच्या वाटपाचा भाग नजरेआड होतो.