गिटारवरची बढत

हार्मोनियम आली युरोपातून, पण कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या हाती ती स्वतंत्रपणे, मन लावून ऐकावी अशी झाली. देवल क्लबात 1883 पासून गाणे ऐकत आलेले, शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या तानांवर कान तयार झालेले हे गाव. इथे आज एखादे मूल इलेक्ट्रिक गिटार मागते, तेव्हा घरच्यांना तो नुसता गोंगाट वाटू नये, अशी माझी फार इच्छा आहे. सत्तरच्या दशकातल्या हेवी रॉकचे सोलो ही रियाज मागणारी विद्या आहे. तिच्याकडे जाणारी बरीचशी वाट आपल्या ओळखीची आहे.

या सोलोंचा पाया बहुधा पाच स्वरांचा असतो: सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. ज्यांनी धानी राग ऐकला आहे, त्यांना ही स्वरावली परकी वाटणार नाही. म आणि प यांच्या मध्ये तीव्र मध्यमाला ओझरता स्पर्श झाला की ब्लूजचा रंग चढतो. तार पडद्यावर दाबून आडवी खेचायची आणि वरचा स्वर गाठायचा, याला गिटारवाले बेंड म्हणतात. सतारीची मींड अशीच निघते, आणि सतारींचे मिरज इथून पन्नासएक किलोमीटरवर आहे. तिथल्या एखाद्या कारागिराकडे जाऊन मींड खेचणारे बोट जवळून पाहा; बेंडचा निम्मा धडा तिथेच मिळेल.

रागसंगीतात नसलेली एक गोष्ट मात्र इथे शिकावी लागते, ती म्हणजे कॉर्डचे, एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाचे, भान. लेड झेपलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'मधला (1971) जिमी पेजचा सोलो ए मायनर, जी आणि एफ या कॉर्डच्या आवर्तनावर उभा आहे. पेज बहुतेक वेळ त्या पाच स्वरांतच फिरतो. पण सुरुवातीलाच, एफ कॉर्ड येताच, तो एफ हाच स्वर लावतो. ए हा सा धरला तर हा आपला कोमल धैवत. पाचांबाहेरच्या त्या एका स्वराने सगळी ओळ व्याकूळ होते. बोटे पळवण्याच्या नादात नवशिक्याकडून नेमका हाच स्वर निसटतो. म्हणून वाचकांनी गिटार खाली ठेवून ती ओळ आधी गुणगुणावी. बोट कुठे ठेवायचे हे टॅब, म्हणजे गिटारची लिखित नोंद, सांगतो. स्वरावर किती रेंगाळायचे, हे कानानेच उचलावे लागते.

सगळेच सोलो आयत्या वेळी सुचलेले नसतात. डीप पर्पलच्या 'हायवे स्टार'मधला रिची ब्लॅकमोरचा सोलो आधी बांधलेला आहे, तोही बाखच्या वळणाने. असा एखादा सोलो बंदिशीसारखा पाठ करावा. मग त्यातली एकच ओळ घ्या, तिची लय बदला, शेवटचा स्वर दुसरीकडे टेकवा. उपज अशीच येऊ लागते. आपल्याकडच्या मुलांना हे जमेल का, अशी शंका असेल तर मुंबईच्या रॉक मशीन या बँडमधल्या महेश तिनाईकरांची गिटार जरूर ऐका.

बढत कशी होते हे कळण्यासाठी डीप पर्पलच्याच दोन ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करा. 1972 मध्ये निघालेल्या 'मशीन हेड' या अल्बमवर 'स्पेस ट्रकिन' साडेचार मिनिटांत संपते. त्याच वर्षी जपानमधल्या मैफलीत डीप पर्पलने तीच चीज जवळपास वीस मिनिटे वाजवली. दोन्ही लागोपाठ ऐका आणि मूळ चाल कुठे सुटते, तिथे खूण करून ठेवा.