चांदीपुराची दोन अक्षरं

काशीदला वीकएंड काढणाऱ्या मंडळींना 'सॅण्डफ्लाय' म्हटलं की किनाऱ्यावरची वाळू आठवेल. पण चांदीपुरा विषाणू पसरवणाऱ्या सॅण्डफ्लायचा बीचशी काही संबंध नाही. ही इवलीशी माशी राहते मातीच्या भिंतींच्या भेगांमध्ये, ओलसर अंधारात. आणि विषाणूची गोष्ट सुरू होते समुद्रापासून पार लांब, नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात.

साल १९६५. त्या भागात डेंग्यू-चिकनगुनियाची साथ चालू होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला (म्हणजे आजची एनआयव्ही) तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू सापडला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याची माहिती छापली. पुढे बरीच वर्षं कुणी तो फारसा मनावर घेतला नाही. मग २००३ मध्ये एकट्या आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ दगावली!

आता जरा आपल्या भाषेत. या विषाणूचं 'एल' प्रोटीन म्हणजे सुमारे २,१०० अमिनो आम्लांची लांबलचक स्ट्रिंग. चांदीपुरा, रेबीज, गोवर, इबोला यांच्या स्ट्रिंग्ज एकाखाली एक लावून डिफ मारला, तर बहुतेक ठिकाणी फरकच फरक. पण काही जागा जशाच्या तशा. त्यातलीच एक 'एचआर', म्हणजे हिस्टिडिन आणि त्याला लागून आर्जिनिन. विषाणू कॉपी करताना चुका तर सारख्या करतो. मग इथेच बदल का दिसत नाही? कारण इथे चुकलेली कॉपी टिकतच नाही.

पण ही दोन अक्षरं करतात काय? पेशीने आरएनए वाचावा म्हणून त्याच्या टोकाला एक रासायनिक 'टोपी' लागते. चांदीपुराच्या जवळच्या नात्यातला, गुरांना होणारा एक विषाणू ही टोपी आपल्या पेशींपेक्षा वेगळ्याच पद्धतीने चढवतो, हे अमेरिकेत ओगिनो आणि बॅनर्जी यांनी २००७ मध्ये दाखवलं. तो आधी आरएनए प्रोटीनलाच चिकटवतो. कुठे, तर त्या हिस्टिडिनवर! २०१० मध्ये त्यांनी चांदीपुराचं एल प्रोटीन तपासलं. टोपी चढवायला तिथेही एचआर लागतंच.

आपल्या पेशी हे काम वेगळ्या रसायनाने करतात. म्हणजे फक्त विषाणूला अडवणारं औषध शक्य आहे, निदान कागदावर. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा मुलं दगावली. खास औषध नाही, मंजूर लस नाही.

बग कुठल्या ओळीवर आहे ते २०१० पासून माहीत आहे. पॅच अजून कुणी लिहिलेला नाही.