आगगाडीचा जोडधंदा

जोडधंदा हा शब्द आपल्या गटाच्या बैठकीत नेहमीच निघतो. शेती मुख्य, शेळ्या-कोंबड्या जोडधंदा. घरधन्याची मजुरी ती कमाई, आणि बाईचं शिवणकाम तो नुसता हातभार. आज आम्ही एका अशाच जोडधंद्याचा इतिहास सांगणार आहोत. तो आहे इंग्लंडातला, खेळण्यातल्या मोटारींचा. मुठीत मावतील एवढ्या या मोटारी आज हौशी माणसं लिलावात बोली लावून घेतात आणि काचेच्या कपाटात जपतात. पण त्या जन्मल्या होत्या खेळण्यातल्या आगगाडीची शोभा वाढवायला.

लिव्हरपूल हे बंदराचं शहर. तिथं फ्रँक हॉर्नबी नावाचे एक कारकून होते. आपल्या मुलांसाठी त्यांनी भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या केल्या. नटबोल्टनं जोडल्या की त्यांचे पूल आणि क्रेन उभे राहत. १९०१ मध्ये त्यांनी या खेळण्याचं पेटंट घेतलं. तेच पुढं ‘मेकॅनो’ म्हणून जगभर गेलं. १९२० पासून त्यांचा कारखाना किल्लीवर पळणाऱ्या आगगाड्याही बनवू लागला.

आता आगगाडी आली, रूळ मांडले, स्टेशन झालं. पण सगळं ओकंबोकं. दिवाळीत आपली मुलं मातीचा किल्ला करतात आणि मग मावळे नाहीत म्हणून हटून बसतात, तसंच झालं. म्हणून १९३१ पासून कारखान्यानं छोट्या प्रतिमा काढल्या. फलाटावर हमाल आणि प्रवासी, रुळाच्या कडेला गायी-घोडे, पुढं मेंढ्यांसह धनगर आणि त्याचा कुत्रासुद्धा. डिसेंबर १९३३ मध्ये सहा वाहनांचा संच आला. त्यात दोन मोटारी, एक ट्रक, मालाची एक व्हॅन, एक रणगाडा आणि एक ट्रॅक्टर होता. पुढच्याच वर्षी या मालाला ‘डिंकी टॉइज’ हे नाव पडलं.

माप ठरलं तेही आगगाडीवरूनच. खऱ्या वस्तूच्या ४३ सेंटीमीटरमागे खेळण्यात १ सेंटीमीटर, असं साधारण ते प्रमाण. म्हणजे दीड मीटर उंचीची बाई या फलाटावर उभी केली, तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटरची भरेल. पुढं १९३८ मध्ये त्याच कारखान्यानं जवळजवळ निम्म्या मापाची नवी आगगाडी काढली. मोटारी मात्र मोठ्याच राहिल्या. त्या नव्या गाडीशेजारी शोभेनात, पण तोवर मुलं त्यांच्याशी आगगाडीवाचूनही खेळू लागली होती. एकेक मोटार सुटी मिळे, साठवलेल्या खाऊच्या पैशांत येई. १९६४ मध्ये कंपनी दुसऱ्या मालकाकडे गेली. आगगाडीचं काम लिव्हरपूलमधून हललं. मोटारी तिथंच १९७९ पर्यंत बनत राहिल्या. जोडधंदा मुख्य धंद्याला पुरून उरला.

या मोटारी बनवायचं कोण? वितळलेला जस्ताचा मिश्रधातू दाबानं पोलादी साच्यात भरायचा. मग कडा साफ करायच्या, रंग द्यायचा, चाकं बसवायची, बूड ठोकून पक्कं करायचं, डबीत भरायचं. रंगकामाला, जोडणीला आणि डबे भरायला मोठ्या संख्येनं बायका होत्या. जाहिरातीत चित्र मुलग्यांचं, डबीवर नाव कंपनीचं, आणि मधले हात बायकांचे. नोव्हेंबर १९७९ मध्ये मालकांनी अचानक कारखाना बंद केला. शेकडो जणांचा रोजगार एका दिवसात गेला. तेव्हा कामगार घरी गेले नाहीत. त्यांनी कारखान्यातच ठिय्या दिला. कारखाना काही वाचला नाही, पण माल बनवणारी माणसं त्या दिवसांत तरी जगाला दिसली.

या मोटारींची एक वाट आपल्या देशातही आली. काही जुने साचे कोलकात्याला विकले गेले आणि तिथं ‘निकी टॉइज’ या नावानं त्याच मोटारी निघाल्या.

जपणाऱ्यांची पारखही ऐकण्यासारखी आहे. मूळ डबी असेल तर मोलात फार फरक पडतो. चाक आणि बूड पाहून ते मोटार कोणत्या काळातली ते सांगतात. आणि १९३० च्या दशकातली मोटार घेताना आधी चिरा बघतात. त्या वेळी जस्तात शिशाची भेसळ राहिली, तर धातू आतून कुजायचा. वरून रंग तकतकीत, पण हात लावला की मोटारीचा भुगा. डाळीला लागलेल्या किडीसारखंच ते. एकदा लागलं की उपाय नाही.

अशी बारीक पारख करणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगता येत नाही: ही मोटार कोणत्या बाईनं रंगवली. तिचं नाव कुठंच लिहिलेलं नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, आपल्या गटाच्या वहीत पापड किती गेले, लोणचं किती गेलं हे आपण लिहितो, तसं ते कुणी लाटले, कुणी घातलं हेही लिहावं. नाव, गाव, तारीख. एक ओळ पुरे. आज ज्याला हातभार म्हणतात, त्याचा उद्या इतिहास होतो. आणि त्या वेळी नाव शोधायला वही तरी हवी.