टॉमी रामोन: ड्रममागचा माणूस
'रामोन्स' म्हटलं की गायक आठवतो. मला आठवतो ड्रममागचा टॉमी. जन्म बुडापेस्टचा, 1949 चा. मूळ नाव तामाश एर्देयी. आईवडील ज्यू, शेजाऱ्यांनी लपवलं म्हणून नरसंहारातून वाचलेले. 1957 मध्ये कुटुंब अमेरिकेत आलं. पुढे हा न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम शिकला. बँडमध्ये आला तो व्यवस्थापक म्हणून. हवा तसा ड्रमर मिळेना, तेव्हा स्वतःच बसला. त्याआधी त्यानं ड्रम वाजवलेच नव्हते! लोक याला गोंगाट म्हणतात. मी म्हणेन, नको ते न वाजवण्याची ही शिस्त, आणि ती निर्मात्याच्या कानातून आलेली. 1978 मध्ये दौऱ्यांना कंटाळून त्यानं काठ्या खाली ठेवल्या, पण त्या वर्षीच्या 'रोड टू रुइन'चा सहनिर्माता तोच. 2014 मध्ये गेला. मूळ चौघांतला शेवटचा.